दुसऱ्याने लिहिलेली पत

बाजारात ज्याची पत शाबूत आहे त्याला भांडवलाची वाण पडत नाही, ही व्यापारी मंडळींची जुनी धारणा आहे. पत ही वस्तू मात्र मोठी चमत्कारिक. ती ज्याची त्याची म्हणून समजली जाते, परंतु तिचे वास्तव्य असते दुसऱ्याच्या मनात. आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांत ती दुसऱ्याच्या मनातून निघून दुसऱ्याच्या वहीत जाऊन बसली आहे. घरासाठी कर्ज मागावयास बँकेत गेलेल्या गृहस्थास आज याचा प्रत्यय येतो. तो खुर्चीवर टेकण्यापूर्वीच त्याच्या नावापुढे ३०० पासून ९०० पर्यंतचा कोणता तरी आकडा येऊन पडलेला असतो. तो आकडा त्याने सांगितलेला नसतो आणि बँकेनेही काढलेला नसतो. तिसऱ्याच एका कंपनीकडून तो मोल देऊन आणविलेला असतो. ज्याच्याविषयी हा आकडा, तो या व्यवहारात विकणाराही नव्हे आणि विकत घेणाराही नव्हे. मग त्याचा या वहीवर अधिकार कोणता? कायद्याने या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या काळी निरनिराळे दिले आहे, आणि पुष्कळ काळ तर मुळी दिलेलेच नाही.

या प्रश्नाची एक जुनी खूण महाराष्ट्रातच सापडते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यात, सुपे या बाजारपेठेच्या गावी, कुणब्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला. तेथून हा दंगा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावी पसरला. शाळेच्या इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून तो सर्वांनी वाचलेला असतो. परंतु त्यातील एक गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. जमावाला धान्य आणि कापड यांपेक्षा कागद हवे होते. कर्जरोखे, गहाणखते, कोर्टाचे हुकूमनामे जेथे सापडले तेथे ते चव्हाट्यावर आणून जाळण्यात आले. आणि जेथे सावकाराने आपले रोखे निमूटपणे हवाली केले, तेथे त्याच्या अंगाला बहुधा कोणी बोट लावले नाही. चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनलाही हे प्रकर्षाने जाणवले.

कागदावर एवढा राग का असावा? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबई इलाख्यातील कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला, जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी झाली, आणि कुणबी कर्जात रुतला, ही कारणे प्रसिद्धच आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक कारण होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीनच वर्षांचे आयुष्य ठेवले होते. कायदा करणाऱ्यांच्या मनात ऋणकोचे हित असेल. घडले ते उलटे. मुदत संपत आली की सावकार व्याजासकट नवा रोखा लिहून घेई, जुने व्याज नव्या मुद्दलात जाई, आणि ज्याला अक्षरओळख नाही असा कुणबी त्यावर आपली निशाणी करी. रोख्यात काय लिहिले आहे हे त्याला दुसरा वाचून दाखवील तेव्हा कळावयाचे. वाचून दाखविणारा बहुधा लिहिणाराच. किती दिले, किती फेडले, किती उरले याची एकमेव नोंद एका पक्षाच्या घरात होती, आणि कोर्ट त्या नोंदीलाच मानीत होते.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा या अनुभवातून निघाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता तो आरंभी होता. त्याने कोर्टास सांगितले की, रोख्यावरचा आकडा हाच शेवटचा न मानता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब पाहावा. शेतकऱ्याने करून द्यावयाचा लेख गावनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे, असे त्याने ठरविले. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती, वर्षाकाठी खात्याचा उतारा आणि मागितल्यास नोंदीचे पासबुक मिळविण्याचा हक्क त्याने ऋणकोला दिला. सावकारी त्यामुळे संपली नाही, पुष्कळांनी पळवाटाही काढल्या. तरीही आपल्याविषयी दुसऱ्याने ठेवलेली नोंद पाहण्याचा हक्क एका निरक्षर शेतकऱ्याला मिळावा, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. व्यापारात जगाच्या पुढे गेलेल्या देशांतील सुशिक्षित शहरवासीयाला हा हक्क तेव्हा नव्हता, आणि पुढेही नव्वद वर्षे मिळावयाचा नव्हता.

सुप्याच्या सावकाराची वही त्याच्या स्वतःच्या उपयोगाची होती. शेजारच्या सावकाराला ती दाखवून त्याने पैसे मिळविले नाहीत. वही हाच विकाऊ माल कसा झाला, हे पाहावयाचे तर दंग्याच्या चौतीस वर्षे अगोदर न्यूयॉर्कमध्ये उघडलेल्या एका कचेरीकडे वळले पाहिजे.

लुइस टॅपन हा त्या कचेरीचा धनी. थोरला भाऊ आर्थर याच्यासह तो न्यूयॉर्कमध्ये रेशमाचा व्यापार करी. दोघेही कडवे धर्मशील आणि गुलामगिरीचे हाडवैरी. १८३४ साली गुलामगिरीच्या कैवाऱ्यांच्या जमावाने लुइसच्या घरावर हल्ला करून त्यातले सामान रस्त्यात आणून जाळले होते. ‘आमिस्ताद’ जहाजावरील आफ्रिकी बंदिवानांच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांत तो अग्रभागी होता. असा हा मनुष्य १८३७ च्या आर्थिक संकटात सापडला. गावोगावच्या दुकानदारांना उधारीवर दिलेला माल बुडाला आणि टॅपन बंधूंच्या पेढीला देणी थांबवावी लागली. त्या देशात तेव्हा दूरदूरचे दुकानदार वर्षातून दोनदा न्यूयॉर्कला येऊन सहा-सहा, आठ-आठ महिन्यांच्या उधारीवर माल भरीत. त्यांच्याजवळ असे ती एखाद्या पाद्र्याची वा वकिलाची शिफारसपत्रे. जो समोर उभा आहे तो सचोटीचा की लबाड, हे ओळखण्याचे दुसरे साधन नव्हते.

टॅपनने ते साधन तयार केले आणि १८४१ च्या ऑगस्टमध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ उघडली. गावोगावच्या वकिलांना त्याने बातमीदार नेमले. त्यांना रोख वेतन नसे. त्या गावातील थकलेली येणी वसूल करण्याची कामे त्यांच्याकडे पाठविली जात, हाच मोबदला. पुढे अध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन यांनीही वकिलीच्या दिवसांत अशी बातमी पुरविल्याचे सांगतात. आलेली पत्रे कचेरीतील कारकून मोठाल्या बाडांत उतरून घेत. वर्गणीदार व्यापारी कचेरीत येई, चौकशीचे नाव सांगे, आणि कारकून बाडातील नोंद त्याला वाचून दाखवी. नक्कल मिळत नसे, आणि ऐकलेले बाहेर न फोडण्याचा करार असे.

या बाडांपैकी अडीच हजारांहून अधिक आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. अभ्यासकांना त्यांत एका राष्ट्राचा अंतःपुरापर्यंतचा इतिहास सापडतो. दुकानात माल किती, घर स्वतःचे की भाड्याचे, हे तर त्यांत आहेच. पण दुकानदार पितो काय, जुगार खेळतो काय, बायको माहेरची श्रीमंत आहे काय, थोरला मुलगा उधळा आहे काय, हेही आहे. मनुष्य यहुदी असला तर तेवढे एक विशेषण पुष्कळदा त्याच्याविरुद्ध पुराव्यासारखे लिहिलेले आढळते. काळ्या वर्णाच्या दुकानदारापुढे त्याचा वर्ण नोंदलेला असतो. गुलामांच्या मुक्ततेसाठी घरदार पणाला लावणाऱ्या माणसाने सुरू केलेली ही बाडे आहेत, हे विसरता येत नाही. टॅपन स्वतः या धंद्याकडे नीतीचे काम म्हणूनच पाहत होता. आपल्यावर कोणाची तरी नजर आहे हे कळले म्हणजे माणसे सचोटीने वागतील, असा त्याचा हिशेब होता. नजर ठेवणाऱ्यावर नजर कोणाची, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.

तो प्रश्न ओहायो राज्यातील नॉर्वॉक गावच्या बीअर्डस्ली नावाच्या व्यापाऱ्यांनी विचारला. १८४८ साली एजन्सीच्या बाडात नोंद झाली की, जॉन बीअर्डस्लीची पत्नी घटस्फोट आणि पोटगी यांसाठी अर्ज करण्याच्या बेतात आहे आणि त्याने आपली मिळकत दुसऱ्याच्या नावे केली आहे. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी माल देणे थांबविले. बीअर्डस्ली यांनी टॅपनवर बदनामीचा दावा लावला. बातमी कोणी पुरविली, असे कोर्टाने टॅपनचा भागीदार बेंजामिन डग्लस यास विचारले. त्याने नाव सांगण्याचे नाकारले व वीस दिवस तुरुंगात काढले. एजन्सीने या तुरुंगवासाचा पुढे मोठा अभिमान बाळगला. १८५१ मध्ये ज्यूरीने बीअर्डस्लीला दहा हजार डॉलर देवविले. खाजगीत, विश्वासाने एकाने दुसऱ्याला दिलेल्या माहितीस कायद्याचे संरक्षण असते. परंतु ही माहिती कारकुनांच्या हातून गेली, तेव्हा ती खाजगी राहिली नाही, असा न्यायाधीशाचा दृष्टिकोन होता. १८७० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने पुराव्याच्या मुद्द्यावर हा निकाल फिरविला. तोपर्यंत, १८६८ साली, न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ठरवून टाकले होते की, हितसंबंध असलेल्या ग्राहकाला सद्‌भावनेने पुरविलेली अशी माहिती संरक्षित आहे. धंद्याला आता कायद्याचे छत्र मिळाले.

या खटल्यांत कोर्टांपुढे प्रश्न होता तो एजन्सीने बोलावे की नाही, हा. आपल्याविषयी काय लिहिले आहे ते बीअर्डस्लीला आधीच वाचावयास मिळाले असते तर खटलाच उद्‌भवला नसता. पण तसा विचार कोणीच मांडला नाही.

दरम्यान वहीचे रूप पालटत होते. सिनसिनाटीहून न्यूयॉर्कला आलेल्या जॉन ब्रॅडस्ट्रीटने १८५७ मध्ये व्यापाऱ्यांच्या पतदर्जाचे छापील पुस्तक काढले. मर्कंटाइल एजन्सी रॉबर्ट डन याच्या हाती गेल्यावर तिनेही १८५९ मध्ये तसेच केले. पुस्तक विकत मिळत नसे. वर्गणीदाराला ते मुदतीने वापरावयास मिळे. बातमीदाराच्या पत्रात निदान एक वाक्य असे. ते खोटे असले तर त्याला खोटे म्हणता येत होते; बीअर्डस्लीने तेच केले. पुस्तकात वाक्याच्या जागी एक अक्षर आणि एक आकडा आला. आकड्यावर बदनामीचा दावा लावणे अवघड असते. १९३३ मध्ये डन व ब्रॅडस्ट्रीट या दोन पेढ्या एक झाल्या.

येथवरची माणसे निदान व्यापारी तरी होती. सामान्य घरातील माणसाची वही अटलांटा शहरात उघडली गेली. १८९९ साली केटर व गाय वूलफर्ड या भावांनी ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ काढली. दुकाना-दुकानांत जाऊन ते कोणते गिऱ्हाईक पैसे वेळेवर देते, कोणते रेंगाळते, कोणाला रोखीशिवाय माल देऊ नये, याची यादी करीत आणि ती दुकानदारांनाच विकीत. पुढे आयुर्विम्याच्या कंपन्यांसाठी चौकशीचे काम आले. कंपनीचा निरीक्षक शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटे. गृहस्थ मद्य घेतो काय, घर टापटिपीचे आहे काय, नवराबायकोचे पटते काय, ही माहिती फाइलीत जाई. १९६० नंतर या फाइली यंत्रगणकांत घालण्याचे घाटू लागले, तेव्हा अमेरिकेतील काँग्रेसच्या समित्या जाग्या झाल्या. ॲलन वेस्टिन या प्राध्यापकाने १९६७ मध्ये खाजगीपणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या कंपनीच्या कारभाराविरुद्धही आवाज उठविला. विमा नाकारलेल्या माणसाला तो कशामुळे नाकारला हे विचारण्याची सोय नव्हती. शेजारणीच्या रागाचे पर्यवसान त्याच्या फाइलीत झाले असले तर तो ते कधीच जाणणार नव्हता.

२६ ऑक्टोबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांच्या सहीने पतविषयक अहवालांचा कायदा झाला. प्रतिकूल माहिती सामान्यतः सात वर्षांनी, दिवाळखोरीची नोंद चौदा वर्षांनी अहवालातून काढावी. चूक दाखविली तर फेरतपास करावा. अहवालामुळे कर्ज वा नोकरी नाकारली तर तसे त्या माणसाला सांगावे. हे सगळे चांगलेच झाले. पण फाइल मात्र त्याच्या हाती द्यावयाची नव्हती. तिचा आशय तेवढा त्याला सांगावयाचा होता. संपूर्ण फाइल दाखविण्याची तरतूद १९९६ च्या दुरुस्तीने आली, आणि वर्षातून एकदा फुकट प्रत मिळण्याची २००३ च्या कायद्याने. टॅपनची कचेरी उघडल्यापासून १६२ वर्षांनी ज्याच्याविषयी लिहिले त्याला आपले पान विनामूल्य वाचता येऊ लागले.

स्त्रियांची कथा आणखी निराळी. १९७४ च्या समान पतसंधी कायद्यापर्यंत तेथील विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने कर्ज मागता नवऱ्याची सही आणावी लागणे ही नित्याची गोष्ट होती.

१९७३ मध्ये एका सरकारी समितीने, ज्यांचे अस्तित्वच गुप्त आहे अशा नोंदवह्या असू नयेत, आणि एका कामासाठी घेतलेली माहिती संमतीशिवाय दुसऱ्या कामासाठी वापरू नये, अशी तत्त्वे सांगितली. जगभरच्या पुढील कायद्यांचा पाया तोच. अमेरिकेत मात्र १९७४ चा खाजगीपणाचा कायदा केंद्र सरकारच्या कचेऱ्यांपुरताच राहिला. खाजगी व्यापारी त्याच्या बाहेर राहिले. रिटेल क्रेडिट कंपनीने मात्र याच दशकात आपले पुष्कळ विटलेले नाव टाकून ‘इक्विफॅक्स’ हे नवे नाव घेतले.

या नावाने २०१७ मध्ये साऱ्या जगाचे लक्ष वेधले. कंपनीच्या यंत्रणेतील एका सर्वज्ञात दोषाची डागडुजी वेळेवर झाली नव्हती. त्या वाटेने चोर शिरले आणि मे ते जुलै या काळात सुमारे १४ कोटी ७० लाख अमेरिकनांची नावे, जन्मतारखा, सामाजिक सुरक्षा क्रमांक घेऊन गेले. कंपनीने ही गोष्ट ७ सप्टेंबरला जाहीर केली. बँक बुडाली तर ठेवीदार निदान आपण तेथे ठेव ठेवली होती एवढे म्हणू शकतो. या माणसांपैकी बहुतेकांनी इक्विफॅक्सकडे काहीच ठेवले नव्हते. २०१९ च्या तडजोडीत कंपनीने ७० कोटी डॉलरपर्यंत देण्याचे मान्य केले. रोख भरपाई म्हणून १२५ डॉलरचा आकडा लोकांच्या कानी पडला. परंतु त्या पर्यायासाठी बाजूला काढलेला निधी ३ कोटी १० लाखांचाच होता, आणि मागणारे इतके निघाले की तेवढी रक्कम हाती पडणे शक्य नाही, हे सरकारलाच सांगावे लागले.

भारतात विकाऊ वही आली ती २००० साली, मुंबईस ‘सिबिल’ या संस्थेच्या रूपाने. २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. कर्ज मागणाऱ्यास अहवालाची प्रत मिळण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क या कायद्याने आरंभीच दिला, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. २०१७ पासून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देणे रिझर्व्ह बँकेने कंपन्यांवर बंधनकारक केले. तक्रार तीस दिवसांत निकालात न काढल्यास पुढे दर दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम तिने २०२३ मध्ये केला. अटलांटाच्या त्या कंपनीची शाखाही येथे परवाना घेऊन काम करू लागली.

परंतु वहीचे रूप येथेही पालटले. पूर्वी सावकार ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे, म्हणजे चार माणसांत त्याची शोभा व्हावी. मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या काही अ‍ॅपवाल्यांनी तेच केले; मात्र दारात न बसता. कर्ज देतानाच ते ऋणकोच्या फोनमधील सगळे क्रमांक उतरून घेत, आणि हप्ता चुकला की त्याच्या मामाला, वरिष्ठाला, मुलीच्या शिक्षिकेला संदेश जात. संमती घेतलेली असे. एका बोटाच्या स्पर्शाने, न वाचलेल्या मजकुराखाली. जुन्या रोख्यावरील निशाणीहून ती फार निराळी नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने फोनमधील क्रमांकांची यादी, छायाचित्रे, कॉलची नोंद यांना कर्जाच्या अ‍ॅपने हात लावू नये असा दंडक घातला.

खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्याच्या मागोमाग, सहा वर्षे घासाघीस होऊन, ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावीत असे ठरले. आपली कोणती माहिती कोणाकडे आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त वा नष्ट करविण्याचा हक्क या कायद्यात आहे. त्याच्या सतराव्या कलमात काही अपवाद आहेत. वित्तसंस्थेचे कर्ज ज्याने थकविले आहे, त्याची सांपत्तिक स्थिती, मत्ता आणि देणी शोधून काढण्यासाठी माहिती हाताळली जात असेल, तर तेथे हे हक्क लागू नाहीत. त्या ऋणकोला मग २००५ च्या कायद्याकडेच वळावे लागते. १८७९ च्या कायद्याने पावती, खात्याचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क देताना, हप्ते थकविणारा कुणबी आणि वेळेवर भरणारा कुणबी असा भेद केलेला नव्हता.